सोमवार-गुरुवारचा स्टुडिओ

दिवाळे गावच्या खाडीत हडळ मेली ती होळीनंतरच्या सोमवारी, दुपारी बाराच्या आसपास, ओहोटी पूर्ण लागल्यावर. आधीच्या पाच सिनेमांत ती मेली नव्हती. सहाव्यात मेली. त्या वेळी मी कॅमेऱ्याच्या डावीकडे, पोटऱ्यांपर्यंत चिखलात होतो आणि माझ्या हातात थर्माकोलचं झाकण होतं.

झाकण मासळीच्या खोक्याचं. तोंडावर उजेड मारायला स्टुडिओने कधी दुसरं काही वापरलं नाही. कितीही धुतलं तरी त्याचा वास जात नसे, त्यामुळे प्रत्येक चित्रीकरणाला मांजरं जमत आणि प्रत्येक सिनेमात एखादं तरी कडेने जाताना दिसतं. पुढे पुढे प्रेक्षक ते शोधू लागले. दिसलं की टाळ्या पडत.

स्टुडिओ म्हणजे तुर्भ्याच्या औद्योगिक पट्ट्यातला एक गाळा. दिग्दर्शक मूळचा साताऱ्याकडचा, बाजारातल्या माथाडी कामगाराचा मुलगा. पोटासाठी तो लग्नाचे व्हिडिओ काढायचा. त्याचा भागीदार असलेला कॅमेरामन रायगडच्या किनाऱ्यावरच्या मुसलमान कुटुंबातला. शनिवार-रविवार दोघंही कुणाच्या ना कुणाच्या लग्नात असत. हडळीचं काम करणारी बाई दिवाळ्याची, मासळी विकणारी. रविवार, बुधवार, शुक्रवार तिला मान वर करायला सवड नसे. सोमवारी आणि गुरुवारी मात्र बरीच घरं मासे खात नाहीत. म्हणून सगळे सिनेमे सोमवारी आणि गुरुवारी झाले. वर्तमानपत्रातली माझी साप्ताहिक सुट्टी सोमवारी असे. माझ्या हातात झाकण आलं ते त्यामुळेच.

बाई सापडली तीही एका लग्नात. दिग्दर्शक नवरीच्या पुढ्यात कॅमेरा धरून उभा होता. मागून आवाज आला, "ए मेल्या, नवरी बघायला आलूय, तुजी पाठ नाय!" बँड वाजत असतानाही तो आवाज मांडवाबाहेर गेला. दुसऱ्या सोमवारी ती गाळ्यात होती.

गाळ्याशेजारी शीतगृह होतं. त्याच्या यंत्राची घरघर पहिल्या सिनेमात शिरली. ती काढता येईना. दुसऱ्या सिनेमापासून कुणी प्रयत्नही केला नाही. सारसोळ्याला नवरात्राच्या मैदानात पहिला सिनेमा लावला तेव्हा पुढच्या रांगांतली पोरं तोंडाने घरघर काढू लागली. थोड्याच वेळात सगळं मैदान 'हूंऽऽ' करत होतं. हडळ येण्याआधी ते 'हूंऽऽ' करायचं, अशी तेव्हापासून पद्धतच पडली. नेरूळच्या कॉलेजातल्या मुलांनी ती सोसायट्यांच्या गच्चीवर नेली.

हडळ मरत का नाही, याचं उत्तर पहिल्या सिनेमात आहे. पटकथेत गावकरी तिला खाडीवर मारतात. चित्रीकरणाच्या दिवशी बाई चिखलाच्या काठावर आली, थांबली आणि म्हणाली, "मी नाय मरनार."

"अवो मावशी, सिनेमाय नुसता," दिग्दर्शक म्हणाला.

"कपालाला कुकू हाय माज्या. मेल्याचं सोंग घेतलं तं सासू घरान घेनार नाय."

पाणी चढायला लागलं होतं. दिग्दर्शकाने गावकऱ्यांना पळायला सांगितलं आणि हडळ चालत चालत खाडीत निघून गेली. सिनेमा लावला तेव्हा मैदानात लोक उभे राहून शिट्ट्या वाजवत होते. मग दुसरा सिनेमा झाला, तिसरा झाला, पाच झाले. प्रत्येकाच्या शेवटी ती खाडीत जाते.

या वर्षी गाळ्याची इमारत पाडायचं ठरलं. दिग्दर्शकाने मोबाइलवरून जाहीर केलं की सहावा सिनेमा शेवटचा आणि त्यात हडळ मरणार. बाईला त्याने विचारलं नव्हतं. तिला ते एका गिऱ्हाइकाने दाखवलं. गुरुवारी ती गाळ्यात आली; त्या दिवशी मीही रजा टाकून तिथे होतो.

"गाला तुजा पडतोय, आनि मरायचं मी?"

"मावशी, लोकं वाट बघत्यात. आता शब्द दिलाय मी."

"मंग तूच मर. लुगडं देते माजं."

कॅमेरामनने मधला मार्ग सुचवला. "भाई, दुसरी बाई घेऊ. पाठमोरी दाखवली तर काय कळतंय?"

"तोंड दिसलं नाय तर लोकं पडदा फाडतील," दिग्दर्शक म्हणाला. ते खरं होतं. आम्ही तिघं तिच्यामागोमाग दिवाळ्याला गेलो. बंदी सासूची होती, तेव्हा विचारायचं ते सासूलाच.

सासू ओट्यावर सुकट निवडत होती. पाचही सिनेमे तिने पाहिले होते, पुढच्या रांगेत बसून. दिग्दर्शकाने सगळं सांगितलं. तिने सूप बाजूला ठेवलं.

"हिला नको मारू. मी मरतंय."

तिने आपल्या मोकळ्या कपाळावर बोट ठेवलं.

"माजा कुकू कवाच गेला. मना कोनाची बंदी? कनचे लुगड्यान मरायचं, त्या सांग."

"आये, चिखलान लोलायला लागंल," सून म्हणाली.

"मंग? जलम कुठं गेला माजा?"

दिग्दर्शक ओट्यावरच बसला आणि तिथेच त्याने शेवट बदलला: मरताना हडळीचं सोंग गळून पडतं आणि तिचं खरं वय दिसतं. परतीच्या वाटेवर, रिक्षात, तो आणि कॅमेरामन एकाच वेळी बोलत होते.

सोमवारी सासूला सुनेचं, पाचही सिनेमांतलं हिरवं लुगडं नेसवलं. पहिल्या खेपेला ती पडली आणि लगेच मान उचलून म्हणाली, "झालं?" दुसऱ्या खेपेला तिने इतका वेळ घेतला की कॅमेरामन कळवळला. त्याचा रोजा होता आणि डोक्यावर ऊन.

"आजी, जरा लवकर मरा. रोजा हाय माझा."

"तुजा रोजा, माजा मरन. दोनी सावकास होऊ दे."

काठावर बोटीवाले हसत होते. भरती सुरू होऊन पाणी परत फिरलं होतं. आणखी एकच खेप मिळणार होती. ती चुकली तर गुरुवारपर्यंत गाळा नसणार, शेवटही नसणार. दिग्दर्शकाने हे सगळ्यांना सांगितलं.

तिसऱ्या खेपेला सासू गुडघ्यांवर आली, एका कुशीवर कलंडली आणि हलेनाशी झाली. पाणी तिच्या केसांपर्यंत आलं. तरी ती हलली नाही. सून माझ्या मागे उभी होती. ती झाकणाला धक्का देऊन पुढे धावली, "आये! आये गो!" सरळ कॅमेऱ्यासमोर.

सासूने एक डोळा उघडला. "हात नको लावू. मेलेली हाय मी."

"तुटला शॉट," दिग्दर्शक म्हणाला.

"तुटला नाय, भाई. चालू हाय," कॅमेरामन म्हणाला. त्याने कॅमेरा खाली घेतला नव्हता. सून चिखलात बसली होती आणि सासूचं डोकं मांडीवर घेऊन शिव्या देत रडत होती. मागून एक मांजर गेलं.

सिनेमा तसाच संपतो. एक डोळा उघडतो ती जागा तेवढी कापली आहे.

तो दिवाळ्याच्या जेट्टीवर दाखवला गेला, एका गुरुवारी. 'हूंऽऽ' सुरुवातीपासून होतं. "आये!" ऐकू आलं तेव्हा ते थांबलं. पुढच्या रांगेतून सासू मागे वळली आणि म्हणाली, "रडतंव कशाला? हितंच हाय मी." त्यानंतरच्या शिट्ट्यांत सिनेमाची शेवटची नावं कुणी वाचली नाहीत.

गाळा रिकामा झाला आहे. सामान करंजाड्याला, दिग्दर्शकाच्या इमारतीखालच्या पार्किंगमध्ये ठेवलं आहे: दिवे, हडळीचे केस, थर्माकोलची झाकणं. हिरवं लुगडं त्यात नाही. ते सासूने परत केलेलं नाही. गेल्या गुरुवारी विचारलं तेव्हा ते धुऊन, बोंबलांच्या शेजारी, वाळत घातलेलं होतं.