‘भाकरी’ हा शब्द खोडताना

चैत्रातलं ऊन सकाळी आठालाच पांढरं होतं, आणि तव्यावर मंद आचेनं कडक होत जाणाऱ्या ज्वारीच्या भाकरीचा खरपूस दरवळ जुळे सोलापुरातल्या आमच्या गल्लीत, कुणाची परवानगी न घेता, घरोघर शिरतो. भाकरी करते माझी धाकटी जाऊ नागम्मा. तिचं घर त्याच तव्यावर चालतं. शाळेत आयुष्यभर मराठी शिकवून निवृत्त झालेली मी पाकिटं भरते, लेबलं लिहिते. शब्दांचं काम माझं, म्हणून मोबाइलही माझ्याच गळ्यात.

दारावरची गिऱ्हाइकं आटली, तेव्हा आम्ही एका अ‍ॅपवरून ऑनलाइन विकायला लागलो. ‘कडक भाकरी’ असं मी निष्ठेनं लिहिलं; त्या अ‍ॅपनं परमुलखातल्या लोकांसाठी त्याचं परस्पर भाषांतर केलं, आणि आमची भाकरी तिकडे ‘कठीण पाव’ होऊन पोचली. मग तक्रारी सुरू झाल्या. शिळी आहे, वाळलेली आहे, दात दुखले. आणखी अशा तक्रारी आल्या तर माल काढून टाकू, अशी अ‍ॅपवाल्यांची सूचनाही आली.

नागम्मा भडकली. “अक्का, कडकच हाय की ती! म्हणून तर महिनाभर टिकती. मऊ पायजे तर तव्यापाशी येऊन बसा म्हणावं!”

मला हसू आलं आणि रडूही. कुणाकुणाची समजूत घालू? रोज नवं बटण, रोज नवा नियम. दमले बाई आता. शेवटी मोबाइलमधल्या एआयलाच विचारलं. त्यानं क्षणात नाव दिलं, ‘ज्वारी क्रिस्प’. मुलांच्या वहीतले परके शब्द जन्मभर लाल शाईनं खोडणाऱ्या माझ्या बोटांनी ‘भाकरी’ खोडली. लाज वाटली, अगदी खरं सांगते.

आणि मेली खपायला लागली की! नागम्माच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी तेज आलं. तिच्या आनंदात मला मात्र मनापासून सामील होता येईना.

काल एका पाकिटावर पत्ता चिकटवताना थबकले. समोरच्याच इमारतीतला दुसरा मजला. तिथली सून रोज कपडे वाळत घालताना माझ्याकडे बघून हसते. आता हे पाकीट शहराबाहेरच्या गोदामात जाणार, आणि दोन दिवस हिंडून तिच्या दारात येणार.

“अक्का, जाऊन दे की हातानं,” नागम्मा म्हणाली.

पाकीट घेऊन उठले, रस्ता ओलांडून त्यांच्या फाटकापर्यंत गेलेही. पण वर जाऊन काय सांगणार? त्या सुनेनं मागवलं होतं ‘ज्वारी क्रिस्प’; तिनं काही आमच्याकडून भाकरी मागवली नव्हती.