दारं लावा, पोर्ट सैद आलं!

देवासला आमच्या पोर्टकाकांच्या फाटकाशी भाजीवाला येवो, भंगारवाला येवो की धारहून पिशवी सांभाळत मी येवो, आतून काकांची एकच आरोळी उठायची, "दारं लावा, पोर्ट सैद आलं!" आणि काकू तितक्याच शांतपणे दार उघडायची.

काका मालवाहू जहाजावर कोठारी होते. सुवेझ कालव्याच्या मुखाशी पोर्ट सैद. तिथे जहाज थांबलं की होड्यांतले फेरीवाले थेट डेकवर चढत आणि चामडी पिशव्या, खजूर, चित्रांची कार्डं मांडून बसत. त्या धांदलीत कोठारातल्या दोरांना आणि रंगाच्या डब्यांना पाय फुटत. म्हणून बाकीचे खलाशी गावात हिंडायला जात आणि काका किल्ल्यांचा जुडगा मांडीवर घेऊन कोठाराच्या दाराशी बसत.

"म्हणजे गाव बघितलंच नाहीत?" मी एकदा विचारलं.

"गोल खिडकीतून बघितलं ना भिया! देखा खूब, छुआ नहीं."

पण सांगायचे असे, की जन्म तिथेच गेला असावा. "नुसती वाळू होती रे. कालवा खोदायचा म्हणून गाव वसवलं. खोदणारे किती मेले, कोणी विचारत नाही. खोदवणाऱ्या साहेबाचा पुतळा मात्र उभा केला. पुढे लोकांनी तो पाडला, चौथरा राहिला." मग भिंतीवरच्या आजोबांच्या दरबारी पगडीतल्या फोटोकडे बघून म्हणत, "आपल्याकडेही चौथरेच उरलेत." लढाईत ते गाव रिकामं झालं, वर्षानुवर्षं माणसं बाहेर राहिली आणि अखेर परतली, हे सांगताना त्यांचा आवाज उतरायचा. महाराष्ट्रातून माळव्यात आलेली आमची मंडळी कधीच परत गेली नव्हती.

त्यांचा खरा जीव होता फेरीबोटीवर. "या काठाला आफ्रिका, त्या काठाला आशिया. माणसं आशियातून आफ्रिकेत नोकरीला जातात नि संध्याकाळी घरी येतात. अगदी आपलं देवास!" एकाच गावात दोन राज्यं नांदलेली आमची, रस्त्याच्या एका अंगाला थोरली पाती, दुसऱ्या अंगाला धाकटी. काकांना या घरच्या दोन काठांचं मात्र काडीचं अप्रूप नव्हतं.

मी इजिप्तच्या सहलीला निघालो तेव्हा त्यांनी माझा हात धरला. एरवी ते हात धरणाऱ्यांतले नव्हते. "पिरॅमिड राहू दे. त्या बोटीतून पलीकडे जा. उतर, जमिनीवर पाय ठेव, परत ये. आणि मला सांग. बस्स."

पोर्ट सैदला आम्हाला दोन तास मिळाले. आमच्या मंडळींनी बसमध्येच सेव-परमलचा, म्हणजे शेव-कुरमुऱ्यांचा, डबा उघडला. कांदा चिरणं माझ्याकडे आलं. आमच्या माळव्यात एकदा परमलला कांदा लागला की उठायचं नसतं. ते मऊ पडतं. ड्रायव्हरनेही तीनदा मागून घेतलं. हात धुऊन वर बघितलं तर गाइड माणसं मोजत होता. बोट मी लांबूनच बघितली. काकांइतकीच.

परतल्यावर काका बाहेरच वाट बघत बसलेले. "गेलास?"

"म्हणजे काय! गेलो की."

"पलीकडे उतरल्यावर समोर मशीद लागते बघ. मनोरे किती रे तिला?"

"एक," मी ठोकून दिलं.

काकांची बोटं मांडीवर फिरली, किल्ल्या चाचपल्यासारखी. मग म्हणाले, "हां. एकच." आणि आत वळून, "अगं, याला चहा दे. लांबून आलाय."

गेल्या वर्षी काका गेले. चौदाव्या दिवशी काकूने मला एक जुनं कार्ड दिलं, फेरीवाल्याकडून घेतलेलं. पाणी, बोट, पलीकडे मशीद. मनोरे दोन.

"कायम उशीखाली असायचं," काकू म्हणाली. "तू सहलीहून येणार होतास त्या दिवशी तुला दाखवायला म्हणून काढलं होतं. तू गेल्यावर ट्रंकेत तळाशी घातलं. म्हणाले, त्याच्या नजरेला पडू देऊ नकोस, बिचारा लाजेल."

परवा पुन्हा देवासला गेलो. फाटक मुद्दाम जोरात वाजवलं. आतून कोणी ओरडलं नाही. दार उघडंच होतं.