आत्या पाहुण्याला काय वाढायची

आत्या पाहुण्याला "काय आवडतं?" असं कधीच विचारायची नाही. तो कशाला आला असेल, यावर तिचा स्वयंपाक ठरायचा. स्थळ घेऊन येणाऱ्याला पिठलं-भाकरी. "गोड घातलं की लगेच होकार समजत्यात," असं तिचं म्हणणं.

दुष्काळात मेंढरं विकून ती चिकलठाण्याला, कारखान्यांमागच्या पत्र्याच्या खोलीत राहायला आली होती. मी कॉलेजसाठी तिच्याकडे राहायचे. घरात कॉलेजला जाणारी मी पहिलीच, म्हणून माझ्यावरही नजर असायची. "काय लिवलंय ते वाचून दाखीव," म्हणायची आणि ऐकताना पुस्तकाऐवजी माझ्या तोंडाकडे बघायची.

एका दिवाळीत मी आमच्या सरांना घरी बोलावलं. लाडू-चिवडा द्यावा, फार तर पनीर करावं, असं माझ्या मनात होतं. आत्यानं ते उडवून लावलं.

"फराळ कुणाच्याबी घरचा खात्यात गं. धनगराच्या चुलीवरची आमटी वरपली, तर खरं."

मग तिनं येसराचा मसाला घालून आमटी केली, पुरणपोळ्या केल्या. सर दोनदा मागून जेवले. मला हायसं वाटलं. पण आत्या ताटाकडे बघतच नव्हती. सरांपुढचा तांब्या भरलेला तसाच होता. ते पिशवीतून आणलेल्या बाटलीतलं पाणी पीत होते.

"मास्तर, आमचं पाणी चालत नाय व्हय?"

माझा घास हातातच राहिला.

सर गडबडले. "तसं नाही हो. तुमच्याकडे टँकर आठ दिवसांनी येतो, असं ही म्हणाली होती. म्हणून घरून आणलं."

आत्यानं माझ्याकडे पाहिलं. मी असं कधी बोलले होते का, मला आठवेना.

तिनं बाटली उचलली, उरलेलं पाणी आमच्या माठात ओतलं आणि त्याच माठातून पेला भरून सरांपुढे धरला. "आता तुमचं-आमचं येकच झालं. घ्या."

सर घटाघटा प्यायले आणि पेला पुन्हा पुढे केला.

"लई नका पिऊ," आत्या म्हणाली, "टँकर परवा हाय." तेव्हा कुठं ती हसली.

आत्या आता नाही. सर त्या दिवशी खरं बोलले का, हे विचारायचं धाडस मला अजून झालेलं नाही. पण कुणाकडे जेवायला गेले की बसल्याबरोबर मी आधी पेलाभर पाणी पिऊन टाकते. घरातलं कुणीतरी आतून बघत असेल, असं वाटतं.