भिवाजीची जागा

आमच्या दवाखान्यात कॉम्प्युटर आला अठ्ठ्याऐंशी साली, आणि त्याच्याबरोबर सुंदराची भीतीही आली. चौक गावच्या हमरस्त्यावरचा दवाखाना, मी तिथला कंपाउंडर. सुंदरा खालापूरकडच्या शेतकरी घरातली, पनवेलला कॉम्प्युटरचा कोर्स केलेली. पेशंटची माहिती यंत्रात भरायचं काम डॉक्टरांनी तिला दिलं. कळ दाबण्याआधी ती बोट पदराला पुसायची. "अगं, चावत नाय ते," असं मी चिडवायचो.

तिने दोन फायली बनवल्या होत्या. एकीत पेशंटची नावं. दुसरीत कुणाला काय बाधतं, डॉक्टरांनी काय लक्षात ठेवायचं, ते. नवी नोंद केली की यंत्र आपणहून पुढचा नंबर द्यायचं. दोन्ही फायलींत तोच नंबर म्हणजे तोच माणूस. नाव टाकलं की त्याच्या नंबरची सूचना पडद्यावर यायची. डॉक्टर खूश होते. सुंदरा मात्र म्हणायची, माझ्या हातून चुकलं तर कुणाचा तरी जीव जाईल. आम्ही हसण्यावारी न्यायचो.

पावसाळा सरताना आमचा जुना पेशंट भिवाजी वारला. तेराव्यानंतर त्याची बायको विमलबाई त्याचं कार्ड परत द्यायला आली. त्याचे कपडे, अंथरूण सगळं घराबाहेर काढलं होतं. जित्या माणसांत नाव राहिलं तर त्याचा पाय निघत नाही, असं तिची सासू म्हणत होती. सुंदराच्या घरीही हेच मानायचे. तिला भरून आलं. तिने विमलबाईच्या देखत नाव खोडलं आणि क्लासात शिकवल्याप्रमाणे रिकामी जागा बुजवून टाकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहदेव आला. हा एका गॅरेजात टायर बदलायचा, क्वचितच दवाखान्यात फिरकायचा. पायाचा अंगठा चिघळला होता. सुंदराने नाव टाकलं, सूचना काहीच नव्हती. डॉक्टरांनी पेनिसिलिनच्या गोळ्या लिहिल्या, मी पुडी बांधून दिली.

मागोमाग खोकणारी ठकी आली, आईच्या कडेवर बसून. पडद्यावर उमटलं : 'बिडी सोडत नाही.'

आम्ही सगळे हसलो. सुंदरा हसली नाही, तिचा चेहरा पांढराफटक पडला. जागा बुजली होती ती फक्त नावांच्या फायलीत. भिवाजीच्या खालचं प्रत्येक नाव एकेक घर वर सरकलं होतं आणि सूचना होत्या तिथेच होत्या. जो तो आता दुसऱ्याच्याच सूचनेसमोर उभा होता. तिने सहदेवची खरी सूचना काढली : 'पेनिसिलिन देऊ नये. श्वास कोंडतो.'

"नाना," ती मला म्हणाली, "मी मारला त्याला."

मी गॅरेजकडे धावत सुटलो. पुडी माझ्याच हाताने दिलेली. सहदेव टायरवर बसला होता, बाजूला चहाचा रिकामा ग्लास आणि उघडी पुडी. ओठ सुजले होते. खाज सुटलीय म्हणाला, पुढे त्याला बोलवेना. टेंपोत घालून त्याला आणला. डॉक्टरांनी लगेच इंजेक्शन दिलं. सुंदरा त्याच्या पायाशी बसून त्याची छाती हलतेय का बघत राहिली. मीही दुसरीकडे बघू शकलो नाही. दुपारी सूज उतरली आणि त्याने पाणी मागितलं, तेव्हा मी पेला भरून दिला.

सुंदरा यंत्राला हात लावेना. आधी विमलबाईंना विचारते म्हणाली. विमलबाई आल्यावर तिने सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. भिवाजीचं नाव जुन्या जागी परत घातलं तरच खालचे सगळे आपापल्या जागी येतील, आणि मेलेल्याचं नाव पुन्हा लिहायची तिला भीती वाटत होती.

विमलबाई खुर्ची ओढून पडद्यासमोर बसली.

"लिव गं," ती म्हणाली. "सासूला मी सांगते, तो तितं राखणीला बसलाय."

सुंदराने पदराला बोट पुसलं आणि त्याचं नाव लिहिलं.