परमुलखातली पाणीचोर

दूध संघाने शेतकरी जोडप्यांची स्वित्झर्लंडची सहल काढली, तेव्हा आमच्या यजमानांनी नाव दिलं, कारण थोरल्या दिरांनी दिलं होतं. आणि थोरल्या दिरांनी दिलं, कारण आमच्या यजमानांनी दिल्याची आवई त्यांच्या कानावर आली होती. वाटणीच्या वेळी बांधावरून भांडण झालं होतं. तेव्हापासून दोन वर्षं आमच्या गावात, अंथुर्ण्यात, आम्ही जावाजावासुद्धा एकमेकींशी बोलत नव्हतो. तिकडे गेल्यावर मात्र बसमध्ये दोघे भाऊ खिडकी धरायला पुढे पळाले, वेगवेगळ्या बाकांवर अर्थात, आणि उरलेल्या बाकावर मी आणि थोरली जाऊ शेजारी शेजारी बसलो, तोंडं दोन दिशांना करून.

चौथ्या दिवशी आम्हाला आल्प्सच्या एका चिमुकल्या खोऱ्यात नेलं. तीस-चाळीस लाकडी घरं, एक चर्च, खिडक्यांत तांबडी फुलं. गावचं जुनं सामान एका घरात मांडलेलं होतं आणि एक म्हातारी ते दाखवायची. ती तिच्या भाषेत सांगे, सहलीबरोबर आलेली पुण्याची मुलगी ते मराठीत सांगे. पुरुष मंडळींनी गाय किती लिटर देते ते विचारलं आणि फोटो काढायला बाहेर गेली. आत राहिलो आम्ही दोघी.

डोंगरावर एवढा बर्फ, पण खाली पाऊस बेताचाच. म्हणून पूर्वी बर्फाचं पाणी कड्याच्या कडेने लाकडी पन्हळीतून गावात आणायचे. प्रत्येक घराची पाळी ठरलेली आणि ती काठीवर खाचा पाडून नोंदवलेली. पन्हळीवर एक चाक, चाकाला हातोडा. पाणी वाहतंय तोवर ठकठक चालू. आवाज थांबला की कुणीतरी पाणी अडवलं म्हणून सगळं गाव धावायचं.

"म्हंजी हितंबी चोर हुतेच," थोरली म्हणाली. दोन वर्षांत माझ्याकडे वळून बोललेलं तिचं हे पहिलं वाक्य. मी नुसतं "व्हय" म्हटलं.

मग म्हातारी खुलली. गावात एक बाई होती म्हणे. शेजारणीची पाळी आली की ती घोंगडं धुवायला यायची. भिजून फुगलेलं घोंगडं पन्हळीत असं आडवं टाकायची, की अर्धं पाणी तिच्या शेतात जायचं आणि उरलेल्या अर्ध्यावर हातोडा बिचारा ठकठकत राहायचा.

गावाकडे थोरलीची पाण्याची पाळी असली की मीही कालव्याच्या चारीवर गोधडी धुवायला बसायचे. गोधडी फुगली की पाणी गुमान माझ्या मेथीच्या वाफ्यांकडे वळायचं. ही नामी युक्ती जगात फक्त मला सुचली असा माझा समज होता, आणि या परक्या बाईने ती माझ्याआधीच वापरून टाकलेली! खरं सांगते, मला आधी तिचा राग आला. भीती नंतर आली. थोरलीला कळलं तर भावकी गोळा होणार, यजमानांना खाली मान घालावी लागणार, आणि आमची तुटली ती कायमचीच तुटणार.

विषय बदलावा म्हणून मी तोंड उघडलं, तर नेमकं निघालं, "मग तिला शिक्षा काय झाली?" चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते खोटं नाही.

"ती सापडलीच नाही," मुलीने सांगितलं. "या आजींची आजी होती ती."

म्हातारी खुदुखुदु हसली. थोरली हसली नाही. तिथे मांडलेल्या पन्हळीवर हात फिरवत म्हणाली, "एक गोधडी वर्सातनं किती येळा धुवायची असती गं?"

"आक्का, तुमाला ठावं हुतं?"

"पैल्या पाळीपासनं. उसात बसून बघायची मी."

"मग बोलला का न्हाय?"

"बोलली असती तर तू यायची बंद झाली असतीस." पन्हळीवरचा हात न काढता ती पुढे म्हणाली, "वाटणी झाल्यापासनं माझ्याकडं कोण येतंय? तू तेवढी दिसायचीस. आपण भांगलताना म्हणायचो ती गाणी म्हणायचीस गोधडी आपटत. मी उसातनं ऐकायची."

मला रडूच फुटलं. मुलगी गांगरली, म्हातारीने खुर्ची पुढे केली. बाहेरून दोघे भाऊ हाका मारत होते, एकाच बसकडे बोट दाखवत, पण जो तो आपापल्या बायकोला. थोरलीने पदराने माझं तोंड पुसलं, चांगलं खसाखसा.

"पाणी नेलंस ते नेलंस," ती म्हणाली. "त्यातल्या मेथीची एक जुडी तरी धाडायचीस. दोन वर्सं झाली, तुझ्या हातची भाजी खाल्ली न्हाय मी."