मी डेन्मार्कला होतो ते चार महिने

डेन्मार्कबद्दल मला काहीही विचारा. डिसेंबरात तिथे दुपारी साडेतीनलाच दिवे लागतात. गोठ्यात प्रत्येक गाईच्या डोक्यावर तिच्या नावाची पाटी असते. डेअरी शेतकऱ्यांच्याच मालकीची, आणि तिच्या वार्षिक सभेत आपल्या साखर कारखान्याच्या सभेइतकीच भांडणं होतात, फक्त हळू आवाजात. हे सगळं मी लग्नाच्या पंगतीत, बारशाला, एसटीच्या रांगेत, हातवारे करून शेकडो वेळा सांगितलं आहे. ऐकणारे विचारतात, "किती दिवस होता तिथं?" मी म्हणतो, "चार महिने. एकाहत्तरचा डिसेंबर ते बहात्तरचा मार्च."

ते चार महिने मी नगरला होतो. कॉलेजच्या वसतिगृहात, जिन्याखालच्या खोलीत.

आता पहिल्यापासून सांगतो. वडील खर्ड्याजवळच्या एका गावात शाळामास्तर, आणि त्या काळच्या रीतीप्रमाणे गावचं पोस्टही त्यांच्याकडेच. शाळेच्या ओसरीवर एक लाकडी पेटी, एक तारखेचा शिक्का आणि एक लहानसा तराजू, झालं पोस्ट. खर्ड्याहून सायकलवर थैली यायची. ती ते स्वतः फोडायचे आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांची पत्रं तिथेच मोठ्याने वाचून दाखवायचे. म्हणजे जवळजवळ सगळ्यांचीच. आई मी लहान असतानाच गेलेली. घरात आम्ही दोघं आणि भिंतीवर जगाचा नकाशा.

मी नगरला शिकत असताना एका आंतरराष्ट्रीय संस्थेची प्रवास शिष्यवृत्ती मला मिळाली. विद्यार्थ्याने चार महिने परक्या देशात शेतकऱ्याच्या घरी राहायचं, त्यांच्यासोबत काम करायचं, त्यांच्या शाळा नि सहकारी संस्था बघायच्या. शेवटची अट अशी, की परत येऊन हे सगळं आपल्या लोकांना सांगायचं. वडिलांनी या अटीखाली तांबड्या पेन्सिलीने दोन रेघा मारल्या. "पोरं एकमेकांच्या घरी जेवली," ते म्हणाले, "की पुढं त्यांच्यात लढाई होत नाही."

गावाने माझा सत्कार केला. सत्कार म्हणजे सत्कारच! शाल, श्रीफळ, लेझीम, आणि सजवलेल्या बैलगाडीत मी, गणपतीसारखा. ऊसतोडीला निघालेल्या टोळीने आपल्या गाड्या माझ्यासाठी एक दिवस थांबवल्या. एका म्हाताऱ्या आजोबांनी विमान लागू नये म्हणून लिंबू दिलं. टोळीतल्या एका मावशीने फडक्यात बाजरीच्या भाकरी बांधून दिल्या, "तिथं खायाला काय मिळतंय कुनाला ठाव." वडिलांनी भाषण करायचं ठरवलं होतं. उभे राहिले, घसा खाकरला आणि खाली बसले.

मी नगरला पोचलो आणि तिसऱ्या दिवशी पाकिस्तानशी युद्ध सुरू झालं. शहरात अंधार, खिडक्यांना काळे कागद. प्राचार्यांनी बोलावून तार दाखवली : कार्यक्रम तूर्त स्थगित. लिंबू माझ्या खिशातच होतं.

मी घरी लिहिलं, "जाणं राहिलं. रविवारी येतो."

चार दिवसांत उत्तर आलं. "इथे लढाईच्या बातम्यांनी बायका रडत होत्या. रोज कोणी ना कोणी विचारायचं, मास्तर, विमान पडलं तर न्हाई? तुझं पत्र यायच्या आदल्या दिवशी मी सांगून टाकलं, पोचला. आता रविवारी तू एसटीतून उतरलास तर मी काय तोंड दाखवू? स्थगित म्हणजे रद्द नव्हे. बोलावणं येईल. तोवर तिथेच राहा आणि पत्र पाठवत जा. लोक वाट बघतात."

वडिलांना खोटं बोलताना मी जन्मात ऐकलं नव्हतं. बोलले तेही एका शब्दाचं, आणि ते निभवायची जबाबदारी माझ्यावर टाकली. मला तर, खरं सांगतो, गुदगुल्याच झाल्या. थैली फोडणारे ते, पत्र वाचणारे ते. पाकिटावरचा नगरचा शिक्का बघणार कोण?

पहिलं पत्र मी ग्रंथालयातल्या जाडजूड कोशातून उतरवलं. आठवड्याने ते परत आलं, तांबड्या पेन्सिलीने तपासून. "दहापैकी तीन. क्षेत्रफळ आणि निर्यात लोकांना नको. सकाळी काय खातात ते लिही."

सकाळी काय खातात! म्हणून मी जिच्या घरी राहणार होतो त्या डॅनिश शेतकरणीलाच पत्र टाकलं आणि माझी सगळी फजिती कळवली. तिचं इंग्रजी नि माझं इंग्रजी एकाच आजारातून उठलेलं, त्यामुळे आमचं छान जमलं. तिने लिहिलं, खिडकीजवळचा तुझा पलंग अजून घातलेलाच आहे. सकाळी आम्ही राईची काळी भाकरी खातो. तुझे वडील काय खातात? मी बाजरीची भाकरी नि ठेचा यांचं वर्णन केलं. मग दर पत्रात ती माझ्या प्रश्नांची उत्तरं द्यायची आणि शेवटी आपला एक प्रश्न विचारायची. विहिरीला पाणी किती खोल? मुली शाळेत जातात का? मी तिची पत्रं मराठीत उतरवायचो आणि त्यात फक्त एक माणूस वाढवायचो : मला.

पुढची पत्रं वडील ठेवून घ्यायचे आणि गुण तेवढे कळवायचे. जानेवारीत मला दहापैकी आठ मिळू लागले. तिने वडिलांसाठी लोकरीची निळी टोपी विणून पाठवली. ती मी गावी पाठवली, आणि वडिलांनी कळवलं की आपण ती घालूनच थैली फोडतो.

फेब्रुवारीच्या अखेरीस कॉलेजची सहल कोपरगावकडे साखर कारखाना बघायला निघाली. खोलीत बसून कंटाळलेला मी त्यात घुसलो. कारखान्याबाहेर उसाच्या गाड्यांची रांग, आणि गाडीजवळ वाढ्यांची, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांची, मोळी डोक्यावर घेतलेली मावशी. भाकरी बांधून देणारी तीच. पळायचं सोडून मी म्हणालो, "मावशी!"

ती थांबली. मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं.

"कोन पाव्हनं तुमी?"

मी घाम पुसायच्या निमित्ताने रुमालाने तोंड झाकलं.

"तुमच्यावानीच येक पोरगं हाय आमच्या गावात," ती म्हणाली. "मास्तरांचं. पर त्यो फारिनला गेलाय. आमी गाड्या थांबवून लावून दिला त्येला."

"असं का," मी म्हणालो.

"व्हय. लई हुशार. जरा येडं बी हाय." तिने मोळी खाली टाकली आणि घाम पुसला. "मास्तरांचं काय खरं न्हाई वो. लई खोकत्यात. परवा गावाकडनं मानूस आलता, त्यो म्हनला, थैली फोडताना हात कापतोय त्यांचा. आता त्या पोराला येवढ्या लांब कुनी कळवावं?"

तिने गाडीतला एक ऊस ओढून माझ्या हातात दिला. "घ्या पाव्हनं. आन् जावा आपापल्या घरला."

जावा आपापल्या घरला. याहून स्पष्ट कोणी काय सांगणार होतं? नगरहून गाव एसटीने चार तास. मी नगरला आलो आणि पत्र लिहीत बसलो. "खोकला वाढला असं कळलं. मी येऊ का?"

उत्तर आलं. अक्षर वाकडं झालं होतं. "खोकला ऋतूचा आहे. एकवीस दिवस राहिले. कार्यक्रम पुरा करून ये. मागच्या पत्रात गाय अडली होती, तिचं पुढे काय झालं? लोक रोज विचारतात."

मी नगरलाच थांबलो. मला काय वाटलं ते आठवायचा मी पुष्कळदा प्रयत्न केला आहे. खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं होतं. गाईचं डेन्मार्कहून कळलं, तसं मी चांगलं चार पानी पत्र लिहिलं. दहापैकी दहा मिळतील असं. ते टपालात टाकलं. आठवडाभराने प्राचार्यांच्या नावे गावाकडून तार आली.

तार सकाळची, आणि मी संध्याकाळी गावात हजर. डेन्मार्कहून! एकानेही विचारलं नाही की इतक्या लवकर कसा आलास. चुलतभावाने अग्नी दिला होता. निळी टोपी खुंटीला होती. शेवटचे चार दिवस वडील अंथरुणावरून उठले नव्हते, त्यामुळे ओसरीवरच्या थैलीचं सील तसंच होतं. माझं गाईचं पत्र तिच्यात होतं.

पोस्टाच्या पेटीत माझी बाकीची पत्रं सापडली, तारखेने लावलेली, गुण देऊन. "मी येऊ का" हे सगळ्यात वर. त्याला गुण नव्हते. खाली तांबड्या पेन्सिलीने एकच अक्षर लिहिलं होतं, "ये", आणि ते खोडलं होतं. त्यांची पेन्सिल कधी कागद फाडत नसे. तिथे फाटला होता.

तेराव्याला शाळेच्या ओसरीवर लोक जमले. त्या वर्षी ऊस कमी, हंगाम लवकर आटोपला होता, म्हणून टोळीही परतली होती. जेवणं झाली तरी कोणी उठेना. शेवटी लिंबूवाले आजोबा म्हणाले, "मास्तरांनी तेवढं अर्ध्यात सोडलं बग. त्या गाईचं काय झालं रं?"

खर्ड्याच्या पोस्टातून आलेल्या माणसाने आदल्याच दिवशी थैली फोडून पत्र मला दिलं होतं. मी ते काढलं आणि उभा राहिलो. गाय रात्रभर अडली होती. बाहेर गुडघाभर बर्फ. डॉक्टर पोचेना. "मी हातात कंदील धरून उभा होतो," मी वाचलं, आणि पुढचं मला दिसेना.

 मग बायकांच्या मागून मावशी उठली. आमच्या घरात जाऊन आली. तिच्या हातात निळी टोपी होती.

"लई थंडी असंल न्हाई तिथं?" ती म्हणाली.

"हो मावशी."

"मंग डोस्कं का उघडं? घाल की."

ओसरीच्या पत्र्याखाली अंगाची लाही होत होती. मुंडन केलेल्या डोक्यावर मी ती लोकरीची टोपी घातली, कानांवर ओढली, आणि वासरू कसं झालं ते शेवटपर्यंत वाचून दाखवलं.