डॅरियन आणि इचोड्याच्या गाद्या

नव्वदच्या आसपास मी बेल्याजवळच्या एका शाळेत इतिहास शिकवत होतो. पाठ्यपुस्तकात फक्त जिंकलेल्यांच्या वसाहती असत. हरलेली वसाहत मला जिल्ह्याच्या वाचनालयातल्या एका जाड इंग्रजी पुस्तकात भेटली, नेमकी दादाच्या दुकानाचं उद्घाटन झालं त्या आठवड्यात.

सतराव्या शतकाच्या अखेरीस स्कॉटलंडने, म्हणजे थंडीने आणि गरिबीने कावलेल्या एका लहान देशाने, आजच्या पनामातल्या डॅरियन इथे वसाहत काढली. दोन समुद्रांमधली चिंचोळी जमीन. जगाचा व्यापार इथूनच जाणार, असा अंदाज. जहाजांत भरलं काय, तर लोकरी कापड आणि केसांचे टोप. त्या दमट जंगलात.

दादाचा अंदाजही तोच. दुकान इचोड्याला, हैदराबाद-नागपूर रस्त्यावर. ट्रक थांबतात, ड्रायव्हर झोपतात, तर गाद्या विकायच्या. बाबांसकट सगळ्या भावकीने कापूस दिला. आमच्याकडे गादी कोणी स्वतःला झोपायला घेत नाही. लेकीच्या लग्नात देतात आणि ती सासरी पाहुण्यांची वाट पाहत पडून राहते. हे आमच्यापैकी एकालाही आठवलं नाही. उद्घाटनाला बँड होता, फीत कापायला पुढारी होते. "सारा हिंदुस्थान तुमच्या दारावरून जाईल," ते म्हणाले. गेलाही. थांबला तो पुढच्या ढाब्यावर, आणि झोपला ढाब्याच्या बाजेवर, फुकट.

दादा बसच्या कंडक्टरबरोबर निरोप पाठवायचा: मस्त चाललंय. पावसाळा सरला तरी तो स्वतः काही आला नाही. शेवटी वहिनी मला म्हणाली, "भाऊजी, तुमी जा अन् त्याइले घेऊन या. दुकान बुडालं तं बुडालं. मानूस पायजे मले."

मी गेलो तेव्हा दादा गाद्यांच्या चळतीवर तापाने फणफणत पडला होता.

"चाल घरी."

"कोन्या तोंडानं येऊ? बाबानं बँड लावला होता."

"बँडवाले कवाच इसरले."

"बाबा नाही इसरले."

मास्तर माणूस, मी त्याला डॅरियन सांगायला घेतलं. तिथेही माल कोणी घेतला नाही, तापाने माणसं मेली, उरलेली पळाली. आणि ती बातमी घरी पोचायच्या आत दुसरा ताफा निघालाही होता. त्यांना रिकाम्या झोपड्या आणि थडगी सापडली.

डोळे न उघडता दादा म्हणाला, "त्याइच्याकडं पन कंडक्टर होता का रे?"

तेवढ्यात दारात टेम्पो थांबला. टेम्पोला हार, मागे नव्या गाद्या आणि पुढे बाबा. निरोपांवर विश्वास ठेवून दुसरी खेप घेऊन आले होते. त्यांनी भरलेलं दुकान पाहिलं, मग दादाच्या कपाळावर हात ठेवला.

"काऊन सांगतलं नाही रे?"

"तुमी गावभर सांगून रायले होते, बाबा."

बाबा वळून दारात गेले. मग टेम्पोवाल्याला म्हणाले, "माल नोको उतरवू. पोराले वर घे."

गावात शिरताना लोक जमले. कोणी विचारायच्या आतच बाबा म्हणाले, "ताप आला पोराले. दुकान बंद केलं." ताप खरा होता, त्यामुळे कोणाला खोटं बोलावं लागलं नाही. स्कॉटलंडला इतकी सोय नव्हती. त्या बुडीत पैशापायी त्याने काही वर्षांत आपली संसदच शेजारच्या इंग्रजांच्या संसदेत विलीन केली.

बाबा सांगतच होते. वहिनीने ते पुरतं ऐकलंसुद्धा नाही. दादाचा हात आपल्या खांद्यावर घेतला आणि त्याला आत नेलं.